वाचकांचे प्रश्न : कोरियन मालिकांचे खान्देशी दप्तर

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या मराठी आणि समाजशास्त्र विभागांनी मिळून एक डिजिटल संशोधन-संग्रह उभारण्याचे ठरवले आहे. कोरियन मालिका, चित्रपट आणि गाणी खान्देशातील तरुणांपर्यंत कशी पोहोचली, याचा अभ्यास त्याच्या आधारे व्हावा, अशी कल्पना आहे. विद्यार्थ्यांनी मोठ्या उत्साहाने मालिका, गाण्यांचे व्हिडिओ आणि कलाकारांची छायाचित्रे उतरवून घेऊन दोन हार्ड डिस्क भरल्या आहेत. आता कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि वर्गवारी कशी करावी, हे कळत नाही. त्यातच संस्थेच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी ‘कोरियाचा संग्रह कोरियाने करावा, चोपड्यात त्याचे काय काम?’ असा सवाल केला आणि आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. मार्गदर्शन करावे.
– एक प्राध्यापिका, चोपडा

उत्तर : आपल्या ज्येष्ठ सभासदांचे निम्मे म्हणणे खरे आहे आणि ते निम्मे मान्य केले की पुढचा बराच गुंता सुटतो. कोरियात तयार झालेल्या कलाकृती जपण्याचे काम कोरियात होतच आहे. सोलमधील कोरियन फिल्म अर्काइव्ह ही संस्था १९७४ पासून चित्रपटांचे जतन करते आणि तिने अनेक जुने चित्रपट यूट्यूबवर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. केबीएस, एमबीसी यांसारख्या प्रसारण संस्था आपापल्या मालिका सांभाळून आहेत, आणि गाण्यांच्या कंपन्यांना तर आपल्या मालाची काळजी तुमच्याआमच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. त्यामुळे दोन डिस्क भरून जमा झालेला ऐवज हा आपला संग्रह नव्हे, असे स्पष्टच सांगतो. तो संग्रहात दाखल करू नये. मात्र पुसून टाकण्यापूर्वी त्या फाइलींची नावे, तारखा, आकारमान आणि त्यांना जोडलेल्या उपशीर्षकांची भाषा यांची एक यादी अवश्य करून ठेवावी, आणि कोणती फाइल कोणाकडून, पेन ड्राइव्हवरून की टेलिग्रामवरून आली, हे विद्यार्थ्यांना आठवते तोवरच लिहून घ्यावे. मालिका जगभर आहे. ती चोपड्यात कोणत्या हातांतून फिरली याची माहिती फक्त आपल्याकडे आहे.

‘चोपड्यात काय काम’ या उरलेल्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर धुळ्यात आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान मराठवाड्यातले जांब आणि समाधी सज्जनगडावर. तरीही समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे, कारण समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून हिंडून ती बाडे गोळा केली. वस्तू कोठे निर्माण झाली यावरून तिचा संग्रह कोठे व्हावा हे ठरत नाही. एखादी गोष्ट जिथे वाचली, गायली, नकलून घेतली गेली, तिथलाही तिच्यावर अभ्यासाचा हक्क असतो. हे उदाहरण बैठकीत सांगून पाहावे. खान्देशी माणसाला ते परके वाटणार नाही.

तेव्हा आपल्या संग्रहाचा विषय ‘कोरियन लोकप्रिय संस्कृती’ असा न ठेवता ‘खान्देशातील कोरियन लोकप्रिय संस्कृती’ असा ठेवावा. कोरियाबाहेरच्या प्रसाराचा इतिहास सांगताना काही ठरावीक टप्पे नेहमी दिले जातात. २००२ मधील ‘विंटर सोनाटा’ ही मालिका पुढच्याच वर्षी जपानच्या एनएचकेवर गेली आणि तिथल्या मध्यमवयीन स्त्रियांनी ती डोक्यावर घेतली. २०१२ च्या जुलैत आलेले ‘गंगनम स्टाइल’ त्याच डिसेंबरात यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिले गेलेले पहिले गाणे ठरले. ऑगस्ट २०२० मध्ये आलेले बीटीएस या कोरियन गटाचे ‘डायनामाइट’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिले आले, त्याच वर्षाच्या आरंभी ‘पॅरासाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ ही मालिका आली. भारतापुरते बोलायचे तर मणिपूरचे उदाहरण हटकून येते : सप्टेंबर २००० मध्ये तिथल्या एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि ती पोकळी अरिरांग या कोरियन वाहिनीने व कोरियन चित्रपटांच्या सीडींनी भरून काढली. हे सगळे बरोबर आहे; पण यांतला कोणता टप्पा यावल-रावेरच्या मुलीला लागू पडतो, हे या यादीवरून कळत नाही. २००६ च्या सुमारास दूरदर्शनने ‘ज्वेल इन द पॅलेस’ ही मालिका हिंदीतून दाखवली होती. ती आपल्या भागात कोणी पाहिली होती का, पाहिली असल्यास ती कोरियन आहे हे त्यांना ठाऊक होते का, हा प्रश्न आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या स्त्रियांना विचारावासा वाटतो. टाळेबंदीच्या काळात मोबाइलवर हिंदीत भाषांतरित मालिका पाहून या वाटेला लागलेली पिढी वेगळी आणि त्याआधी गाण्यांकडून आलेली वेगळी, असे माझे अनुमान आहे. ते खरे की खोटे, हे ठरवण्याजोगे पुरावे आपल्या संग्रहातून मिळाले तरच या उद्योगाला अर्थ आहे.

घाई करण्याचे कारण निराळेच आहे. कलाकृती टिकतात, पण रसिकांच्या बाजूचे कागद, व्हिडिओ, गप्पा आणि भाषांतरे भराभर नाहीशी होतात, आणि तीही एखाद्या कंपनीच्या एका निर्णयाने. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. भारताबाहेर कोरियन मालिकांच्या चाहत्यांचा मोठा अड्डा असलेली ड्रामाफिव्हर ही सेवा ऑक्टोबर २०१८ मध्ये एका दिवसात मिटली. कलाकार ज्यावर चाहत्यांशी थेट बोलत ते व्ही लाइव्ह डिसेंबर २०२२ च्या अखेरीस संपले. आपल्याला सर्वांत जवळचा घाव २९ जून २०२० चा आहे, कारण त्या दिवशी भारतात टिकटॉकवर बंदी आली. ज्या मुलींना गॅदरिंगखेरीज दुसरे व्यासपीठ नव्हते, त्यांतल्या अनेकींनी घराच्या गच्चीवर कोरियन गाण्यांवर केलेला नाच त्याच ॲपवर होता. ज्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये मूळ व्हिडिओ शिल्लक असेल त्यांच्याकडूनच तो आता मिळू शकतो, आणि जुने मोबाइल सहसा एक्स्चेंजमध्ये जातात.

काय गोळा करावे याची यादी आपणच करावी. मी फक्त नजर कोठे टाकावी ते सुचवतो. स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका, ज्यात लावणी आणि कव्हर डान्स (मूळ कलाकारांच्या नाचाची हुबेहूब नक्कल) एकाच पानावर आहेत. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मिळालेले मोबाइलचे कव्हर किंवा पोस्टर, किमतीच्या चिकटपट्टीसह. फोटोकार्डांच्या, म्हणजे कलाकारांच्या छोट्या छायाचित्र-कार्डांच्या, अनेकींनी मिळून केलेल्या ग्रुप ऑर्डरचा हिशेब. ब्यूटी पार्लरच्या पाटीवरचे ‘कोरियन ग्लास स्किन’. किराणा दुकानातल्या कोरियन चवीच्या नूडल्सचे पाकीट. अहिराणीत संवाद घालून केलेले विनोदी रील. यांतली कोणतीही वस्तू स्वतंत्रपणे क्षुल्लकच आहे, पण तारीख, गाव आणि देणाऱ्याचे दोन शब्द सोबत असले की तिचा पुरावा होतो.

एक वस्तू जरा जवळून पाहू. समजा, शहाद्याच्या एका विद्यार्थिनीने दोनशे पानी वही दिली. आत निळ्या शाईत गाण्यांचे कोरियन शब्द देवनागरीत उतरवले आहेत, त्याखाली पेन्सिलीने हिंदी अर्थ आहे, काही ओळी खोडून उच्चार पुन्हा सुधारला आहे, आणि शेवटच्या पानावर पार्सलसाठी साठवलेल्या पैशांची बेरीज आहे. ही वही मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोऱ्या पानांसकट, निदान ४०० डीपीआयला स्कॅन करून टिफ या मूळ दर्जा राखणाऱ्या चित्रस्वरूपात ठेवावी आणि वाचकांसाठी पीडीएफ वेगळी करावी. बेरजेचे पान ‘विषयाशी संबंधित नाही’ म्हणून गाळणारा हमखास कोणीतरी निघतो, त्याला आवरावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या वहीत तेवढेच एक पान हवे असेल. नोंदीसाठी डब्लिन कोअर हा पंधरा घटकांचा सर्वमान्य आराखडा पुरेसा आहे : शीर्षक, निर्माता, दिनांक, भाषा, हक्क इत्यादी. वहीला शीर्षक नसेल तर आपण दिलेले शीर्षक चौकटी कंसात घालावे. दिनांक नक्की नसेल तर ‘अंदाजे २०१९ ते २०२१’ असे लिहावे, उगाच एक वर्ष ठोकून देऊ नये. भाषेच्या रकान्यात ‘कोरियन व हिंदी’ आणि लिपी मात्र ‘देवनागरी’ असे स्वतंत्र लिहावे, नाहीतर हंगुल या कोरियन लिपीतला मजकूर शोधणाऱ्याच्या हाती ही वही येईल आणि तो वैतागेल. याशिवाय पंधरा घटकांत न बसणारी एक नोंद ठेवावी : वही कोणी, कधी, कोणाच्या समक्ष दिली आणि देताना काय सांगितले. माझ्या मते सगळ्या नोंदींत मोलाची हीच.

नावांचा प्रश्न आपल्याला पहिल्याच महिन्यात छळणार आहे. कोरियन नावात आडनाव आधी येते, आणि एकच आडनाव रोमन लिपीत ली, यी, री अशा तऱ्हांनी लिहिले जाते. कोरिया सरकारने २००० मध्ये रोमन लेखनाची सुधारित पद्धत लागू केली, तरी विद्यापीठीय पुस्तकांत जुनी मॅकक्यून-रायशाउअर पद्धत भेटतेच आणि कलाकार तर स्वतःला आवडेल तसे लिहितात. मराठीत त्यावर आपली भर आहे : कोरियन पॉप संगीतासाठीचे के-पॉप, केपॉप आणि के पॉप हे शोधयंत्राच्या लेखी तीन वेगळे शब्द आहेत. यासाठी एक नामसूची करावी आणि प्रत्येक व्यक्तीच्या वा गटाच्या नावापुढे मूळ हंगुल रूप, एक प्रमाण रोमन रूप, एक प्रमाण मराठी रूप आणि आढळलेली सर्व पर्यायी रूपे नोंदवावीत. वहीतला मजकूर मात्र प्रमाण रूपात ‘दुरुस्त’ करू नये. फाइलींची नावे रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढ्यांतच बसवावीत. मॅक संगणकावर हंगुलमध्ये नाव दिलेली फाइल विंडोजवर आली की त्यातली अक्षरे सुटी सुटी होऊन पडलेली दिसतात, कारण युनिकोडमध्ये तेच अक्षर जोडून आणि फोडून अशा दोन्ही प्रकारे साठवता येते.

सॉफ्टवेअरचा प्रश्न आपण प्रथम विचारला, त्याचे उत्तर सर्वांत लहान आहे. पहिले काही महिने एक साधे स्प्रेडशीट पुरते. नोंदी शिस्तीत असतील तर त्या नंतर कोठेही नेता येतात. त्यानंतर प्रदर्शनासारखी मांडणी हवी असेल तर अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात घडलेले ओमेका हे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी जोडायचे असेल तर डीस्पेस हे संग्रह-सॉफ्टवेअर सोयीचे, कारण प्रबंधांसाठी असलेले आपले शोधगंगा त्याच प्रणालीवर चालते. इंटरनेटवरील पानांसाठी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पान जतन करण्याची सोय आहे, पण लॉगिनमागे असलेले पान तिथे नीट उतरत नाही. त्यासाठी वेबरेकॉर्डरची साधने वापरावीत. ती डब्ल्यूएआरसी या प्रमाणित स्वरूपात प्रत करतात.

साठवणुकीचा नियम जुनाच आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि वीज जाते-येते, तेव्हा कार्यालयातल्या पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या हार्ड डिस्कला प्रत म्हणू नये. प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून संगणकाने काढलेला पडताळणीचा संकेत, काढून ठेवावा आणि वर्षातून एकदा पुन्हा ताडून पाहावा, म्हणजे नकळत बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवरून बदलता येते.

प्रश्न : मी पदव्युत्तर विद्यार्थी असून कोरियन गाण्यांच्या चाहत्यांच्या मुलाखती घेत आहे. बऱ्याच मुली सतरा-अठरा वर्षांच्या आहेत आणि काहींच्या घरी हा छंद ठाऊक नाही. त्यांचे नाचाचे व्हिडिओ आणि आमच्या चाहता-गटातील व्हॉट्सॲप संभाषण संग्रहात ठेवता येईल का? ॲडमिनची परवानगी आहे. मुलाखती अहिराणीत झाल्या आहेत, त्या प्रमाण मराठीत आणाव्यात का?
– एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : संभाषण ठेवू नये. ॲडमिन हा गटाचा व्यवस्थापक आहे, इतरांच्या शब्दांचा मालक नव्हे. त्या गटात लिहिताना कोणालाही हे संशोधकांसमोर जाईल अशी कल्पना नव्हती. गटातील प्रत्येकाची लेखी संमती मिळाली तर गोष्ट वेगळी, पण एक जण जरी नको म्हणाला तरी त्याचे संदेश गाळल्यावर उरलेले संभाषण बहुधा अर्थहीन होते. त्यापेक्षा गटात काय चालत असे हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.

व्हिडिओच्या बाबतीत दोन स्वतंत्र हक्क आहेत. गाणे कंपनीचे आहे आणि नाचणारी व्यक्ती स्वतःची आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खाजगी उपयोग, टीका व समीक्षण यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. त्याच कलमात बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे आधीच असलेल्या बिगरडिजिटल प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, असेही म्हटले आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या मालिकेला ही दुसरी मुभा लागू होत नाही. न्याय्य वापर याचा अर्थ व्हिडिओ जगासमोर खुला करणे असा मुळीच नाही. नोंद सर्वांना दिसावी, व्हिडिओ मात्र ग्रंथालयात बसून, अर्ज करणाऱ्या अभ्यासकालाच दाखवावा.

नाचणाऱ्या मुलीचा प्रश्न कायद्यापेक्षाही नाजूक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. संशोधन व अभिलेख-जतनासाठी कायद्यात अटींसह सवलत आहे, परंतु तिचा आधार घेऊन घरी न सांगता नाचणाऱ्या मुलीचा चेहरा साठवणे मला गैर वाटते. पालकांना विचारावे तर तिचा छंदच उघडा पडतो, न विचारावे तर कायदा आडवा येतो. अशा मुलीकडून व्हिडिओ घेऊच नये. ती अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः देऊ इच्छित असेल तर तेव्हा घ्यावा. सज्ञान मुलींच्या संमतीपत्रात खुले, मर्यादित आणि अमुक वर्षांपर्यंत बंद असे तीन पर्याय असावेत, आणि दिलेली वस्तू परत मागण्याचा हक्क त्यांना कसा बजावता येईल, हेही साध्या भाषेत लिहावे. लग्न ठरल्यावर असा व्हिडिओ परत मागितला जाऊ शकतो, हे आपल्याकडचे वास्तव आहे. तेव्हा वाद घालू नये. नावांऐवजी संकेतांक वापरावेत आणि कोणता संकेतांक कोणाचा, ही यादी संग्रहाच्या संगणकावर न ठेवता मार्गदर्शकांकडे बंद पाकिटात ठेवावी.

अहिराणी तशीच राहू द्यावी. मुलाखत जशी बोलली गेली तशी उतरवून घ्यावी, हवे तर शेजारी मराठी सारांश द्यावा. नंदुरबारकडच्या काही मुली भिली किंवा पावरीत बोलतील. तिथे त्या भाषेचा जाणकार सोबत घ्यावा आणि नोंदीत ‘मराठी’ लिहून मोकळे होऊ नये. कोरियन शब्द अहिराणी वाक्यात कसा बसला आहे, हे तपासू पाहणाऱ्या भाषाभ्यासकाला प्रमाण मराठीतील उतारा काहीच कामाचा नाही.

प्रश्न : अशा संग्रहासाठी कोरियन संस्थांकडून अनुदान घ्यावे का? आणि प्रकल्प संपल्यावर तो सांभाळायचा कोणी?
– एक ग्रंथपाल, धुळे

उत्तर : घ्यायला हरकत नाही. १९७८ मध्ये स्थापन झालेली अकॅडमी ऑफ कोरियन स्टडीज आणि १९९१ पासून काम करणारे कोरिया फाउंडेशन या संस्था परदेशांतील कोरियाविषयक अभ्यासाला साहाय्य करतात, आणि माहितीसाठी दिल्लीत कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे. मात्र कोरियन संस्कृतीचा प्रसार हे या संस्थांच्या उद्दिष्टांतच असल्यामुळे, अनुदान कोणाचे हे संग्रहाच्या पहिल्या पानावर छापावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांनी दोन भाग पाहून मालिका सोडली, जे आता कंटाळले, ज्या आईवडिलांना हे थेर वाटते, ज्या शिक्षकांनी पोस्टर फाडायला लावले, त्यांच्याही मुलाखती असाव्यात. चाहत्यांचीच बाजू असलेला संग्रह संशोधकाला फार दूर नेत नाही.

सांभाळण्याविषयी : प्राध्यापक निवृत्त होतात, विद्यार्थी पुण्याला जातात, डोमेनचे पैसे भरायचे राहतात. म्हणून पहिली वस्तू दाखल करण्यापूर्वीच जळगावच्या विद्यापीठाच्या किंवा अशाच एखाद्या स्थिर संस्थेच्या ग्रंथालयाशी लेखी करार करण्याचा प्रयत्न करावा. नोंदींची यादी आणि खुला करता येण्याजोगा डेटा झेनोडोवर ठेवावा. युरोपातील सर्न या संस्थेचे हे भांडार विनामूल्य आहे आणि प्रत्येक संचाला कायमचा क्रमांक देते. करारात बंद ठेवलेल्या वस्तूंचे काय होणार, मर्यादेची वर्षे कोण मोजणार आणि संकेतांकांचे पाकीट कोणाच्या ताब्यात जाणार, ही तीन कलमे असावीत. वर्षातून एकदा चेकसम ताडून पाहण्याची जबाबदारी त्यात व्यक्तीच्या नावावर न टाकता पदाच्या नावावर टाकावी.